पालथं ताट

रोज दुपारी सव्वा वाजता सूनबाई टेबलावर तीन ताटं मांडायची. दोन सुलटी, एक पालथं. पालथं ताट सासऱ्यांचं. त्याच्या डाव्या हाताला फोन, उजव्या हाताला वही, आणि वहीवर टोक काढून ठेवलेली पेन्सिल. नवख्या पाहुण्याला वाटायचं, म्हाताऱ्यांचा आज उपास दिसतोय. उपास नव्हता, पण नेम होता, आणि तो उपासापेक्षा कडक होता.

सासरे लष्करातले निवृत्त कर्नल. चौतीस वर्षं नोकरी, सगळी रसदखात्यात. डोंगरमाथ्यावरच्या चौक्यांना धान्य, रॉकेल, औषधं, मोजे पोचवायचं काम. त्या दिवसांत संध्याकाळी एकेका चौकीवरून बिनतारी यंत्रावर निरोप यायचा, "जेवलो." शेवटच्या चौकीचा निरोप आल्याशिवाय साहेबांचं ताट सुलटं व्हायचं नाही. नोकरी संपली, पण ताट काही सुधारलं नाही. निवृत्तीनंतर वर्षभरातच कर्नलांनी घराच्या मोटारखान्यात चूल मांडली, एक आचारी ठेवला, सायकलवाले चार स्वयंसेवक गोळा केले आणि आसपासच्या गल्ल्यांतल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे दुपारचा डबा जाऊ लागला. घरं सतरा. साडेबाराला डबा दारात. दीड वाजेपर्यंत प्रत्येकाने फोन करून एकच शब्द सांगायचा.

एका शब्दावर कोण थांबणार!

"जेवले," मास्तरीणबाई म्हणायच्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. "भात गिचका झाला होता."

"नोंद घेतली," कर्नल म्हणायचे.

"गेल्या मंगळवारीही घेतली होतीत."

मग यायचा बिनतारीचा फोन. हा गृहस्थ एकेकाळी कर्नलांच्याच हाताखाली बिनतारी यंत्रावर होता, म्हणून गल्लीत त्याचं तेच नाव पडलं होतं. "जेवलो साहेब, ओव्हर!" तो असा ओरडायचा की फोन नसता तरी चार घरं ओलांडून ऐकू आलं असतं.

कधी शिंपीकाका पुटपुटायचे, "जेवलो." कर्नलांची पेन्सिल हवेतच राहायची.

"काका, तोंडात घास नव्हता."

"तुम्हाला काय दिसतंय का इथलं?"

"जेवलेल्या माणसाचा आवाज जरा खाली बसतो. तुमचा अजून वर तरंगतोय. जेवा आणि परत फोन करा. मी थांबलोय."

त्या "मी थांबलोय"पुढे कुणाचं काही चालायचं नाही. ऐंशीला टेकलेला माणूस पालथ्या ताटापुढे ताठ बसलाय हे डोळ्यांसमोर आलं की कितीही रुसलेला, कंटाळलेला जीव डबा उघडायचाच. दहा मिनिटांनी पुन्हा फोन वाजायचा. वहीत बरोबरची खूण व्हायची. सतरावी खूण झाली की कर्नल दोन्ही हातांनी ताट सुलटं करायचे, आणि सासूबाई म्हणायच्या, "चला, आमचीही सुटका झाली."

सासूबाईंचं या बाबतीतलं म्हणणं ठरलेलं होतं. "लग्नानंतर पहिली चार वर्षं मला वाटायचं, माझ्या हातच्या स्वयंपाकाला हे घाबरतात."

त्या वर्षी कर्नलांना ऐंशी वर्षं पूर्ण होत होती. नागरिक मंडळाने त्यांचा सत्कार करायचं ठरवलं. कर्नलांनी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा मंडळाचे चिटणीस हार घालायच्या सरावालाच आल्यासारखे दारात उभे राहिले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अहो, हो म्हणा, नाहीतर हे गृहस्थ इथेच राहायला येतील." कर्नलांनी हो म्हटलं, पण दोन अटी घातल्या. सभा अडीच वाजता, डबे पोचल्यानंतर. आणि मानपत्र सूनबाई लिहील, सूनबाईच वाचेल.

सूनबाईच्या हातातला डाव भांड्यात पडला.

ती जवळच्याच नोंदणी कार्यालयात टंकलेखनाचं काम करायची, दुपारच्या सुट्टीत जेवायला घरी यायची. अकरा वर्षं दुसऱ्यांची वाक्यं बिनचूक उतरवून द्यायची. स्वतःचं वाक्य बोलायची वेळ आली की तिचा आवाज शेजारच्या खुर्चीपर्यंत पोचला तर पोचला. नवरा तर फोनवर म्हणायचा, "अगं, नुसता श्वास घेऊ नकोस, बोल!" तो जहाजावर इंजिनिअर होता, वर्षातून आठ महिने समुद्रात. तेव्हा घरातलं सैन्य हे तिघांचंच.

"बाबा, मी? माझा आवाज..."

"तुझा आवाज लहान आहे, पण त्यात भेसळ नाही," कर्नल म्हणाले. "एकच सांगतो. माझ्याबद्दल एकही खोटं वाक्य नको. एक जरी ऐकू आलं, तर मी उठून घरी येईन. मग सभा असो की संमेलन."

"शब्द देते," ती म्हणाली, आणि देऊन झाल्यावर पस्तावली. कारण सासरे उठून येतील यात तिला तिळमात्र शंका नव्हती. भर सभेत सासरे उठून चाललेत, आणि त्यांना उठवलं कुणी, तर सुनेने!

चिटणीस सज्जन माणूस, पण त्यांना साध्या शब्दांची भीती वाटायची. ते वही-पेन घेऊन बसले.

"साहेब, रणांगण सांगा! गोळ्यांचा वर्षाव! चौतीस वर्षांत एक तरी टेकडी सर केली असेल की!"

"टेकड्या पुष्कळ चढलो," कर्नल म्हणाले. "पण सगळ्या आधीच दुसऱ्यांनी सर केलेल्या. मी मागून जायचो. बटाटे घेऊन."

चिटणिसांनी गदगदून मान हलवली. "बघा सूनबाई! केवढा हा विनय!" आणि वहीत त्यांनी लिहून घेतलं, 'टेकड्या पुष्कळ.'

सूनबाई मात्र दुसऱ्या दिवशी कार्यालयातून परस्पर बिनतारीकडे गेली. त्याने तिला खुर्ची दिली, स्वतः खाटेवर बसला आणि न विचारताच सुरू झाला.

"त्या वर्षी बर्फ असं पडलं, की वरची चौकी एकोणीस दिवस तुटली. वर जायचं तर पायी. आणि बर्फात बटाटा नेला की गोठून दगड होतो, मग वितळला की काळा चिखल. साहेबांनी काय करावं? तुकडीतल्या प्रत्येकाच्या कोटाच्या आत, अंगाला लागून, चार चार बटाटे. रात्री झोपायचं तेही बटाट्यांना कुशीत घेऊन. आपण गोठायचं, पण बटाटा गोठू द्यायचा नाही. म्हणून सगळे जवान त्यांना बटाटेसाहेब म्हणायचे. तोंडावर नाही हं! तोंडावर फक्त मी एकदा म्हटलं, चुकून."

"मग?"

"मग काय, ते म्हणाले, हजर!"

ती हसली. तोही हसला.

"त्याच्या आदल्या साली एक झालं होतं. एका चौकीवरून रोज 'जेवलो' यायचं. मीच ऐकायचो, मीच साहेबांना सांगायचो. साहेब ताट सुलटं करायचे. चौथ्या दिवशी वाट मोकळी झाली तेव्हा कळलं, की त्या सहा जणांनी तीन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. खालच्यांना घोर नको म्हणून 'जेवलो' म्हणायचे. सगळे जगले, देवाची कृपा. पण साहेब त्या दिवसापासून शब्द ऐकत नाहीत. आवाज ऐकतात."

सूनबाई घरी आली. पुढचे चार दिवस पहाटे उठून, सासूबाईंची प्रार्थना चालू असताना, तिने दोन पानं लिहिली. बटाटे लिहिले, तीन दिवसांची उपाशी चौकी लिहिली, सतरा घरं लिहिली. प्रत्येक वाक्य स्वतःला विचारून पाहिलं, खरं आहेस ना? मग पानं चिटणिसांकडे छापायला दिली.

सत्काराचा दिवस उजाडला. डबे साडेबाराला पोचले. कर्नल जुना कोट घालून पालथ्या ताटापुढे बसले. आणि एक वाजून दहा मिनिटांपासून फोन जो वाजू लागला, तो थांबेचना. "जेवलो." "जेवले." "जेवलो." भाताची तक्रार नाही, गुडघ्याचं दुखणं नाही. एकामागून एक, शाळेतल्या हजेरीसारखं. वीस मिनिटांत सोळा फोन.

सासूबाई खूश झाल्या. "शहाणी माणसं! तुमच्या सभेला उशीर नको म्हणून लवकर जेवली."

कर्नलांनी पेन्सिल खाली ठेवली. वहीत एकही खूण नव्हती.

"सोळाच्या सोळा खोटं बोलतायत," ते म्हणाले. "तोंडात घास एकाच्याही नाही. बिनतारीने तर 'ओव्हर'सुद्धा म्हटलं नाही."

"आणि मास्तरीणबाई?" सूनबाईने विचारलं.

"त्यांना खोटं बोलता येत नाही. म्हणून त्यांनी फोनच केला नाही."

दोन वाजले. ताट पालथंच. सासूबाईंचा संयम सुटला. "अहो, सभा तुमची आहे! लोक हार घेऊन उभे असतील!"

"ताटही माझंच आहे," कर्नल म्हणाले. "सूनबाई, तू पुढे जा. काय भानगड आहे बघ. मी इथेच थांबलोय."

सभा शाळेच्या मोठ्या वर्गात होती. सूनबाई धापा टाकत पोचली आणि दारातच थबकली. पहिल्या दोन रांगांत सतराच्या सतरा माणसं बसली होती. धुतलेले कपडे, चोपून बसवलेले केस, आणि प्रत्येकाच्या मांडीवर डबा. झाकण घट्ट लावलेला.

"मास्तरीणबाई, हे काय?"

मास्तरीणबाईंनी चष्मा वर सरकवला. "वीस वर्षं तो माणूस आमच्यानंतर जेवतोय. आज त्याचा सत्कार ना? मग आज तो आधी जेवेल. तो जेवून आला की आम्ही डबे उघडू. ठराव सर्वानुमते झालाय."

"पण ते जेवलेच नाहीत! त्यांना कळलंय सगळं."

रांगेत खळबळ उडाली. "मी सांगत होतो," शिंपीकाका शेजाऱ्यावर डाफरले, "बोलताना निदान तोंडात बिस्कीट धरा!"

"धरलं होतं! पण भूक लागली म्हणून गिळलं!"

"आता तरी जेवा," सूनबाई काकुळतीने म्हणाली.

"आधी ते," सतरा जण म्हणाले.

तिने घरी फोन लावला. "आधी ते," पलीकडून कर्नल म्हणाले.

एवढ्यात घाम पुसत चिटणीस आले. त्यांना परिस्थिती कळली तसा त्यांचा आवाज चिरका झाला. "अहो, कुणीतरी जेवा! अध्यक्ष येऊन बसलेत!" आणि मग त्यांनी बगलेतली भलीमोठी चौकट सूनबाईच्या हातात दिली. "हे मानपत्र. छापून, काचेत बसवून. तुम्ही छान लिहिलं होतंत, मी फक्त थोडी डागडुजी केली."

सूनबाईने वाचलं. 'शत्रूच्या गोळ्यांच्या वर्षावात टेकडीमागून टेकडी सर करणारा हा नरशार्दूल...' तिने खालपर्यंत नजर फिरवली.

"बटाटे कुठे गेले?"

"काढले. सत्काराला बरं दिसत नाही."

"उपाशी चौकी?"

"सभेत वाईट कशाला सांगायचं!"

चौकट जड होती. हे वाचलं तर सासरे पहिल्याच ओळीला उठतील. आणि न वाचावं, तर तिची दोन पानं छापखान्यात, पाठ काही नाही, आणि समोर शंभरेक माणसं. क्षणभर तिला वाटलं, सासरे घरीच राहिले तर बरं! कुणी जेवणार नाही, कुणी येणार नाही, कुणी वाचणार नाही, सगळंच सुटेल. मग तिची नजर शिंपीकाकांच्या मांडीवरच्या डब्याकडे गेली. त्यावर त्यांनी दोन्ही हात ठेवले होते, कुणी पळवून नेईल तसे. साखरेचा त्रास असलेला माणूस, आणि अडीच वाजायला आलेले.

तिने पुन्हा फोन लावला. सासूबाईंनी उचलला.

"आई, बाबांना म्हणावं, रसद वाटेत अडली तर साहेबाने स्वतः पुढे जायचं, हे त्यांनीच शिकवलंय. रसद अडलीय. आणि येताना ताट घेऊन या. पालथंच."

फोनवर खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

वीस मिनिटांनी कर्नल दारात उभे राहिले, हातात वही आणि पेन्सिल. मागे सासूबाई, एका हातात कर्नलांचा डबा, दुसऱ्यात ताट. सगळी सभा उठून उभी राहिली. कर्नलांनी सभेकडे बघितलंच नाही. ते पहिल्या रांगेपाशी थांबले आणि सतरा बंद डबे बघून त्यांच्या भुवया वर गेल्या.

"हे बंड आहे," ते म्हणाले.

"आहेच," मास्तरीणबाई म्हणाल्या. "बसा तुमच्या जागेवर."

कर्नल मुकाट्याने मंचावर जाऊन बसले. सासूबाईंनी पुढच्या टेबलावरचे हार बाजूला सारले आणि ताट मांडलं. पालथं.

चिटणिसांनी सूनबाईचं नाव पुकारलं. ती उठली. ध्वनिक्षेपकापाशी गेली. हातातली काचेची चौकट तिने जपून टेबलावर ठेवली. तीही पालथी.

चिटणीस अर्धे उठले. सासूबाईंनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की ते होते तिथेच बसले.

"मला..." ती म्हणाली, आणि आवाज सगळ्या वर्गभर घुमला तशी स्वतःच दचकली. मागून कुणीतरी हसलं. तिने कर्नलांकडे पाहिलं. ते ताठ बसले होते, नजर समोर, जशी रोज फोनची वाट बघताना असायची. तिला एकदम जाणवलं, की आज ते तिच्या आवाजाची वाट बघतायत.

"माझ्या सासऱ्यांनी एकही टेकडी सर केली नाही," ती म्हणाली.

चिटणिसांनी कपाळाला हात लावला.

"ते मागून जायचे. पुढे गेलेले उपाशी राहू नयेत म्हणून. एकदा बर्फ एवढं होतं, की बटाटे गोठायचे. तेव्हा त्यांनी तुकडीतल्या प्रत्येकाच्या कोटात, छातीशी, चार चार बटाटे..."

कर्नल उठून उभे राहिले.

सूनबाईने आपलं वाक्य मनात पुन्हा तपासलं. खोटं? कुठलं खोटं बोलले मी?

"सहा," कर्नल म्हणाले. "प्रत्येकी सहा." आणि खाली बसले.

"चारच, साहेब!" पहिल्या रांगेतून बिनतारी गरजला. "मोजायला मी होतो!"

"तुझ्याकडे चार होते. दोन तू वाटेत खाल्लेस."

सगळा वर्ग खो खो हसला. बिनतारी लाजून एवढासा झाला, आणि त्या हसण्यात सूनबाईच्या छातीवरचं ओझं कुठल्या कुठे गेलं. मग ती बोलत राहिली. खोट्या 'जेवलो'ची गोष्ट सांगताना आवाज आपोआप खाली आला, तरी शेवटच्या बाकापर्यंत पोचला. सायकलवाल्या चौघांचं सांगितलं, आचाऱ्याचं सांगितलं, गिचक्या भाताचंही सांगितलं. "पुष्कळ लोक देवापुढे नेम धरतात," ती म्हणाली. "यांनी माणसांपुढे धरला. बाकी यांच्यात काही विशेष नाही. घरी चष्मा रोज हरवतात आणि आम्हाला शोधायला लावतात."

"हे मात्र अगदी खरं!" सासूबाई मंचावरूनच म्हणाल्या.

कर्नल उठले नाहीत. कोटाच्या खिशात काहीतरी शोधत होते. बहुधा चष्माच.

"आता एक अडचण आहे," सूनबाई म्हणाली. "हे सतरा जण बाबांच्या आधी जेवणार नाहीत. बाबा यांच्या आधी जेवणार नाहीत. म्हणून आता मी सांगते तसं व्हायचं." असा आवाज आपल्याला आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. "डबे हातात घ्या. बाबा, तुम्ही ताट धरा. मी तीन म्हटलं की सगळ्यांनी एकदम. एक. दोन. तीन!"

सतरा झाकणं एकदम खणखणली. मंचावर एक ताट सुलटं झालं. सासूबाईंनी त्यात भात वाढला, भाजी वाढली, आणि अध्यक्षांना म्हणाल्या, "तुम्हालाही वाढू का? बराच वेळ बसलात."

थोडा वेळ त्या सभेत फक्त चमच्यांचे आवाज येत होते. शंभरेक माणसं अठरा माणसांचं जेवण बघत होती आणि कुणालाही ते विचित्र वाटत नव्हतं. चिटणिसांनी रुमाल काढून आधी कपाळ पुसलं, मग डोळे. मग हळूच चौकटीची काच खाली आहे ना, हे बघून घेतलं.

सूनबाईने कर्नलांची वही उघडली, पेन्सिल घेतली आणि हजेरी सुरू केली.

"शिंपीकाका?"

"जेवलो!" तोंड भरलेलं होतं.

"बिनतारी?"

"जेवलो, ओव्हर!"

"मास्तरीणबाई?"

"जेवले. भात आज बरा आहे. नोंद घ्या."

एकेक खूण होत गेली. सतरा झाल्या. सूनबाईने वहीत खाली एक नवी ओळ ओढली. अठरावी.

"कर्नलसाहेब?"

आयुष्यात पहिल्यांदाच हा प्रश्न त्यांना कुणी विचारला होता. कर्नल गडबडले. हातातला घास हातातच होता, डोळे भरलेले.

"जेवलो," ते म्हणाले.

सूनबाईची पेन्सिल हवेतच राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "तोंडात घास नव्हता. जेवा. मी थांबलेय."